उन्हाचा दिवा

कासवं सांभाळायला मी गेले ती नऊ दिवसांच्या बोलीवर. वहिनी जिन्यात पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि दवाखान्यातल्या खाटेवरून तिने मला पहिला फोन केला तो काही स्वतःचं दुखणं सांगायला नव्हे. "रविवारी पाणी बदलायचं आहे," ती म्हणाली. "किल्ली शेजारी आहे. जाशील ना?"

जाणार नाही तर काय करणार? दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. त्या घरात तिला जिवंत सोबत म्हणावी अशी ही दोनच कासवं उरली होती, आणि तीही दादाची. मी एकटी राहते, शिवणकाम करते. सुई-दोरा कुठेही नेता येतो. एका ग्राहकाच्या कोटाचं अस्तर लावायचं राहिलं होतं, ते पिशवीत टाकलं आणि शनिवारी जाऊन राहिले.

एक गोष्ट आधीच सांगते. अशा गोष्टींत रात्र असते, कुत्री रडतात, दिवे जातात. यात तसलं काही नाही. जे झालं ते दुपारी चारच्या सुमाराला झालं, गॅलरीत माझे कपडे वाळत असताना.

काचेची टाकी पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. चांगली पलंगाएवढी लांब. त्यात गुडघाभर पाणी, ते कोमट ठेवणारा काचेच्या नळीचा हीटर, एका कोपऱ्यात पाण्याबाहेर आलेला सपाट दगड, आणि दगडाच्या वर, टाकीच्या कडेला चिमट्याने अडकवलेला, पत्र्याच्या टोपीचा दिवा. घरातल्या कासवांना ऊन मिळत नाही, म्हणून हा दिवा दिवसभर लावायचा. दगडावर चढून ती त्याखाली पाठ शेकत बसतात. दादा त्याला उन्हाचा दिवा म्हणायचा. मोठ्या कासवाचं नाव शेठ, कारण दिवसाचे आठ तास ते मान वर करून, पाय मागे ताणून नुसतं बसलेलं असे. धाकटी चिमणी. तळहातात मावेल एवढी, आणि महा खोडकर. दोघांच्याही कानामागे लाल पट्टा होता.

टाकीला लागूनच दादाची खुर्ची. तो इमारतींचे नकाशे काढायचा. कानावर नेहमी पेन्सिल अडकवलेली. काम संपवून दुपारी चारला खुर्चीत बसायचा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने काचेवर वाजवायचा. टक टक... टक. दोन, मग थोडं थांबून एक. की दोघं पाणी कापत यायची आणि मान लांब करून त्याच्याकडे बघत राहायची. "बघ कात्री," तो मला म्हणायचा, "हाक मारली की येणारे एवढेच दोघं आहेत या घरात." माझ्या जिभेला धार म्हणून मी कात्री. खुर्चीचं गादीचं कव्हर मीच शिवलेलं, कडेने पायपिंगची बारीक गोट लावून, गच्च बसणारं. वहिनीने ते दोन वर्षांत काढलं नव्हतं, आणि त्या खुर्चीत कोणाला बसूही दिलं नव्हतं.

वहिनीने एक कागद लिहून भिंतीला चिकटवला होता. खायला घालायचं ते टाकीत नाही, वेगळ्या टबात, म्हणजे टाकी घाण होत नाही. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवूनच टाकीत घालायचं. कासवाला हात लावला की साबणाने धुवायचा. आणि ठळक अक्षरांत, खाली रेघ मारून: पाणी उपसण्याआधी हीटरचा प्लग काढायचा, नाहीतर तापलेली नळी कोरडी पडून फुटते.

मी रविवारी तसंच केलं. प्लग काढला. बादल्या वाहून कंबर मोडली, टाकी घासली, गाळणी धुतली, नवं पाणी भरलं. दिवा लावला. दोघांना परत सोडलं, आणि स्वतःची पाठ थोपटून घेत कोटाचं अस्तर लावायला बसले.

प्लग परत लावायला विसरले.

कागदावर काढायचं लिहिलं होतं, लावायचं लिहिलंच नव्हतं. ज्यांच्या घरी कासवं असतात त्यांना ते लिहावं लागत नसेल. थंडीचे दिवस, खिडकीची फट, आणि मी अंगात दोन स्वेटर चढवून बसलेली. मला काय कळणार? सोमवारी दोघांनी कमी खाल्लं. मंगळवारी खाल्लंच नाही. मला वाटलं, वहिनीची आठवण काढत असतील. बुधवारी सकाळी बघते तर शेठ दगडावर दिव्याखाली कसाबसा चढून बसलेला, आणि चिमणी तळाशी. चारही पाय बाहेर, मान लुळी. काढून हातात घेतली. नळाच्या तोटीसारखी गार. पायाला चिमटा काढला, तोंडाशी बोट नेलं, उलटी केली, सुलटी केली. काही नाही.

मग मला भिंतीपाशी जमिनीवर पडलेला प्लग दिसला.

मी तो आधी लावला. मग दार बंद करून घेतलं, कोणी बघत होतं म्हणून नव्हे, नुसतंच. शुक्रवारी वहिनीचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तिचं हृदय थोडं कमजोर आहे, मनाला त्रास होईल असं काही कानावर घालू नका. मी चिमणीला रुमालात गुंडाळलं. गॅलरीत एक मोठी कुंडी होती, तीतलं झाड कधीच वाळलेलं. तांबडी, ढेकळांची माती. मोठ्या चमच्याने वीतभर खोल खणलं आणि तिला तिथे ठेवून वरून माती सारखी केली. नखांत ती तांबडी माती दोन दिवस राहिली.

संध्याकाळी सहाला वहिनीचा फोन आला.

"कशी आहेत दोघं?"

"मजेत," मी म्हटलं. "शेठ तर अगदी पसरलाय."

"आणि चिमणी?"

"ती काय, तिची मस्ती चालूच."

"बरं वाटलं गं. तुझ्या जिवावर सोडून आले बघ." तिचा आवाज ऐकून मला स्वतःची लाज वाटली. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं.

गुरुवारी चारला मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. पुढच्या खोलीतून आवाज आला. टक टक... टक.

मला वाटलं, पाइप. थंडीत पाइप वाजतात. पण शेठ धपकन पाण्यात उतरल्याचं ऐकू आलं. कप घेऊन बाहेर आले तर तो खुर्चीच्या बाजूला काचेला पोट लावून उभा, मान जितकी लांब होते तितकी लांब. बघत होता तो मात्र खुर्चीकडे नाही, गॅलरीच्या दाराकडे. आणि दगडावर उजेड नव्हता. टाकीच्या कडेला दिवा नव्हताच.

गॅलरीचं दार मी कडी लावून बंद केलेलं असतं, कबुतरं येतात म्हणून. ते बोटभर उघडं होतं. फटीतून वायर बाहेर गेली होती. दिवा कुंडीच्या काठाला चिमट्याने अडकवलेला, टोपी खाली वळवलेली, आणि पिवळा उजेड मातीवर पडलेला.

कप हातातच राहिला. चहा गार झाला. शेवटी स्वतःला म्हटलं, बाई, तुझंच काम आहे हे. मनाला लागलंय, आपण काय करतो ते तुला कळत नाहीये. दिवा आत आणला, टाकीला लावला, कडी घातली. संध्याकाळी फोनवर परत तेच: दोघं मजेत.

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन नीट पार पडलं. तिला ग्लानी होती, तरी माझा हात धरून म्हणाली, "चार वाजता घरी अस हं. त्यांना सवय आहे." मी परत आले. दाराला आतून कुलूप लावलं. शिवायचं घेऊन टाकीच्या समोर, भिंतीला पाठ लावून बसले. खुर्ची, टाकी, दिवा आणि गॅलरीचं दार, सगळं डोळ्यांसमोर. म्हटलं, आज बघतेच.

चारला पाच कमी असताना वास आला. आधी नेहमीचा, टाकीचा, शेवाळ्याचा. मग त्यात दुसरा मिसळला. नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा. माझ्या ओळखीचा. भीती वाटली नाही, खरं सांगते. रडू आलं.

टक टक.

काचेच्या अगदी जवळून. शेठने मान वर केली.

... टक.

सुई बोटात घुसली. मी खाली बघितलं, रक्त पांढऱ्या अस्तराला लागू नये म्हणून हात बाजूला केला. एवढाच वेळ. धंद्याची सवय, दुसरं काय? वर बघितलं तर टाकीवर दिवा नव्हता.

गॅलरीचं दार उघडं. कुंडीवर पिवळा उजेड.

"दादा?" मी म्हटलं.

गॅलरीत गेले. मातीत बोट खुपसलं. कोमट होती, नुसती पहिल्या पेरापर्यंत नाही, चांगली खोलवर. एवढी ऊब मुरायला तासन्‌तास लागतात, आणि दिवा तिथे जाऊन मिनिटभरही झालं नव्हतं. वरच्या ढेकळाला एक चीर होती. मी बघत असताना ती थोडी रुंद झाली.

मी दोन्ही हातांनी उकरलं. रुमाल लागला. रुमालाच्या आत काहीतरी माझ्या बोटांना ढकलत होतं. हळू. अगदी हळू, झोपेत कोणी पांघरूण लोटावं तसं.

जनावरांचे डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे. चिमणीला डब्यात घालून मी जवळपास पळत गेले. ते गृहस्थ मोठे शांत. त्यांनी तिचं तोंड पुसलं, डोळे धुतले, तिला टेबलावर ठेवून चष्म्यातून नुसतं बघत राहिले.

"मेली नव्हती," ते म्हणाले. "पाणी गार झालं की ही निजतात. हृदयाचे मिनिटाला दोन-चारच ठोके पडतात. श्वास दिसत नाही. लोक पुरून टाकतात बिचाऱ्यांना."

"मग कळायचं कसं?"

"थांबायचं. ऊब द्यायची आणि थांबायचं. हळूहळू हं. एकदम तापवलं तर खरंच जाईल." त्यांनी तिच्या पाठीवर बोट ठेवलं. "तुम्ही बरोब्बर केलंत. कालपासून देताय ना ऊब?"

"हो," मी म्हटलं. "कालपासून."

घरी येताना डबा छातीशी धरून चालले. चिमणी वाचली याचा आनंद झाला, खूप झाला. पण डॉक्टरांचा एक शब्द डोक्यातून जाईना. थांबायचं.

आता हे सांगितलंच पाहिजे. दादा गेला तोही असाच थंडीत, चारला, त्याच खुर्चीत. वहिनी कासवांचं खाणं आणायला गेली होती. मी त्याची लांबी कमी केलेली पँट द्यायला आले. खिडकी सताड उघडी, तो बसलेला, हातात पेन्सिल, गार. मी खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मनगट धरलं, अर्धा मिनिटही नसेल, आणि मान हलवली. तेवढ्यात वहिनी आली. ती रडली नाही. दादाच्या शर्टात हात घालून म्हणाली, "काखेत ऊब आहे. हात लावून बघ तू. आपण जरा थांबूया."

मी हात लावला नाही. मला वाटलं, बाईला धक्का बसलाय, आता कोणीतरी खंबीर राहायला हवं. खंबीर म्हणजे अर्थात मीच. मी तिला आतल्या खोलीत बसवलं, माणसं बोलावली, आणि त्याच दिवशी उजेड असताना, आमच्यात पुरतात तसं, माझ्या भावाला मातीआड करून मोकळी झाले. तिथली माती काळी होती. चिकट, ओली, चपलेला गोळे चिकटले होते.

वहिनी मला एरवी अगं-तुगंच करते. त्या दिवशी परत आल्यावर तिने पहिल्यांदा मला अहो-जाहो केलं. "वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही घाई केलीत." त्यानंतर तो विषय आम्ही दोघींनीही काढला नाही.

शनिवारी दवाखान्यात जाऊन मी तिला सगळं सांगितलं. प्लग, कुंडी, खोटं बोलले ते. मला वाटलं ती तोंड फिरवेल. तिने फक्त विचारलं, "आता खाते का?"

"आज दोन घास खाल्ले."

"मग झालं तर." ती छताकडे बघत राहिली. मग सहज विचारल्यासारखं, "दिवा कुंडीवर कोणी नेला?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं. तिने मला पुन्हा विचारलंही नाही. नर्स आली, ताप बघून गेली. मी निघताना वहिनीने हाक मारली.

"खुर्चीचं कव्हर धुवायला काढू नकोस."

"नाही काढत."

"आणि दिवा कुठे गेलेला दिसला तर जागेवर आणू नकोस. दुसरा घे बाजारातून, कासवांना."

रविवारी मी पाणी बदललं. प्लग काढला, पाणी भरलं, प्लग लावला, आणि लावलाय का ते तीनदा बघितलं. चिमणी टबात शेठच्या तोंडातलं ओढून खात होती. हसू आलं मला. मग दोघांना टाकीत सोडलं आणि साबण संपला म्हणून खाली दुकानात गेले, दहा मिनिटं लागली असतील.

आले तेव्हा चार वाजून गेले होते. दिवा टाकीवरच होता. पण टोपी फिरलेली होती. उजेड दगडावर नव्हता, खुर्चीवर होता.

दोघं काचेला पोट लावून उभी होती, माना लांब करून. यावेळी दाराकडे नाही.

मी जवळ गेले. गादीच्या मधोमध खळगा पडला होता. मी ते कव्हर मापाने शिवलंय, गच्च. त्याला असा खळगा आपोआप पडत नाही. मी गळ्यातली टेप काढून मोजला, कारण घाबरले की मला मापच घ्यावं लागतं. अर्धा इंच. वरून हात फिरवला तर ऊब होती. दिव्याची, म्हटलं. दिवा आहे ना वर. मग मी, दोन वर्षांपूर्वी जिथे हात घातला नव्हता तिथे घातला. खुर्चीच्या पाठीपाशी, हाताच्या खाली, जिथे बसलेल्या माणसाची काख येईल, जिथे उजेड पोचत नाही. तिथेही होती.

मी दिवा हलवला नाही. कासवांसाठी दुसरा आणला.

नऊ दिवस केव्हाच झाले. वहिनीला घरी आणलं आहे, काठी घेऊन चालते. मी परत गेले नाही, तिनेही जा म्हटलं नाही. रोज चारला आम्ही दोघी समोर बसतो, ती निवडायचं घेऊन, मी शिवायचं घेऊन. फारसं बोलत नाही. काल मी न राहवून विचारलं, "वहिनी, किती दिवस...?"

"हळूहळू," ती म्हणाली. "आता तुम्ही घाई करू नका, वन्सं."

आज सकाळी मापलं तर खळगा सव्वादोन इंच खोल निघाला. टेप उचलताना बोटांना काहीतरी लागलं. पायपिंगच्या कडेला चिमूटभर माती होती. ओली, चिकट, काळी. मी ती बोटांत धरून गॅलरीत गेले आणि कुंडीतल्या मातीशेजारी ठेवून बघितली.

कुंडीतली माती तांबडी आहे.